नातवाच्या वाट्याला काय आलं

१४ फेब्रुवारी

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

आधी बातमी, मग बाकीचं. धाकटा काल घरी आला. स्वतःच्या पायांनी आला. जिन्यात तीनदा बसला, पण कुणाला हात लावू दिला नाही. तोंडाने मात्र 'अजून किती पायऱ्या' हे चालूच होतं. थोरला, म्हणजे तुमचे जावई, महिनाभर आधीच सुटून आलेत. आता दोघे भाऊ समोरासमोरच्या खाटांवर पडून कुणाची दाढी जास्त वाईट दिसते यावर वाद घालतात. तो वाद ऐकत मी स्वयंपाकघराच्या दारात बसले आणि पोटभर रडून घेतलं. घाबरू नका, हे रडणं निराळं होतं.

डिसेंबरात त्या साथीच्या तापात आधी थोरल्याला इस्पितळात नेलं. मागोमाग धाकटा. एकाच वॉर्डात, एकाच खिडकीकडच्या दोन खाटा, दोघेही व्हेंटिलेटरवर. मी बाहेरच्या काचेतून बघायची आणि कुणाची छाती हलतेय ते मोजायची. पुन्हा त्या दिवसांचं नाव काढायचं नाही असं ठरवलंय, म्हणून इथेच थांबते. ठकू तेव्हा तुमच्याकडे होती हे फार बरं झालं. दिवस गेलेली पोर त्यात सापडली असती तर मी तुम्हाला तोंड दाखवू शकले नसते.

एका गोष्टीने मात्र डॉक्टरही चक्रावलेत. थोरला विजेच्या खांबांवर चढणारा गडी, धाकटा शीतगृहात दिवसभर खोकी उचलणारा. तिशी कुणाची उलटली नाही, साखर नाही, दमा नाही. आणि त्याच घरात, त्याच आठवड्यात, मी अठ्ठावन्न वर्षांची बाई दोन दिवस शिंकले आणि तिसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात कामाला जाते म्हणून हट्ट धरून बसले. आता त्यांनी आम्हा तिघांचं रक्त घेतलंय. म्हणे जनुकांत काही सापडतं का बघू. म्हटलं बघा बाबांनो, पोरं जिवंत दिलीत, आता हवं तेवढं रक्त न्या.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही फोन उचलत नाही. आणि आमच्या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं भिंतीपलीकडच्यांनाही ऐकू जातं. तेव्हा पत्रच बरं.

तुमची विहीण


२६ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमचं पत्र आमच्या ह्यांनी मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं आणि 'स्वतःच्या पायांनी आला' इथे येऊन ते चष्मा पुसायला लागले. मग मी हिसकावून घेऊन स्वतः वाचलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा आमच्या घरात कुणी खळखळून हसलं असेल तर ते त्या दाढ्यांवर.

फोनचं म्हणाल तर माझी बाजू ऐकून घ्या. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसले. लोकांच्या लग्नाच्या बातम्या, मरणाच्या बातम्या, उधारीची भांडणं, सगळं माझ्या कानावरून गेलं आणि त्यातलं एक अक्षर मी घरी आणलं नाही. निवृत्त झाले त्या दिवशी सांगितलं, आता घंटी वाजली तर मी बहिरी. आमचे हे उचलतात आणि निम्मं विसरून उरलेलं मला सांगतात. त्यापेक्षा तुमचं पत्र पुरं असतं.

जावईबापूंना सांगा, घाई करू नका. खांब कुठे पळून जात नाहीत. ठकूला पुढच्या आठवड्यात तिचे बाबा तुमच्याकडे आणून सोडतील. इथे ठेवून घ्यायला माझं मन आहे, पण ती नवऱ्याच्या नावाने रोज खिडकीत बसते आणि मला ते बघवत नाही. माझ्या लेकीला जपा असं लिहिणार होते. मग आठवलं, कुणाला लिहितेय. तुम्ही तर तिला माझ्यापेक्षा जास्त लाडावून ठेवलीय, मीच तुम्हाला तिचे नखरे मोडायला सांगायला हवं.

त्या रक्ताचं काय निघालं ते मात्र कळवा. मला असल्या गोष्टींची भारी उत्सुकता. एकाच घरातल्या आईला शिंका आणि मुलांना व्हेंटिलेटर, हे काही माझ्या पचनी पडलेलं नाही.

तुमची विहीण


२२ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. ठकू छान आहे. आठवा लागला. रोज संध्याकाळी थोरला तिला गच्चीवर चालवतो, खरं तर ती त्याला चालवते. त्याचा दम अजून अर्ध्यावर येतो, पण कामावर घेतलंय त्याला. तूर्तास खांबावर नाही, खाली उभं राहून दुसऱ्यांना ओरडायचं काम दिलंय. ते त्याला बरं जमतं. धाकटाही शीतगृहात परत गेलाय आणि तिथल्याच खोलीत राहतो.

रक्ताचं विचारलंत. त्यात काही विशेष नाही. डॉक्टरांना कागद भरायला काहीतरी लागतंच.

एक मनातलं सांगू का? मुलगी होऊ दे. बाकी काही नको, मुलगीच होऊ दे. मी तीन झबली शिवलीत, तिन्ही फ्रॉकसारखी घेरदार, पाठीवर बटणं. ठकू म्हणते, आई, आधी कळू तर द्या. मी म्हटलं, मला कळलंय. असं म्हणून गेले आणि मग सबंध दिवस जीव थाऱ्यावर नव्हता. दुकानात एका म्हाताऱ्याच्या चष्म्याच्या काचा उलटसुलट बसवल्या. उजवी डावीकडे, डावी उजवीकडे. बिचारा रस्ता ओलांडायला निघाला आणि परत आला, म्हणाला, बाई, रस्ता हलतोय.

तुम्हीही मुलगीच मागा. दोघींनी मागितलं तर जास्त जोर लागेल.

तुमची विहीण


१८ मे

विहीणबाई,

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. मुलाची आई घेरदार झबली शिवून नातीची वाट बघतेय, हे मी एक्स्चेंजमधल्या जुन्या मैत्रिणींना सांगितलं तर त्या माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत. आमच्या वेळी मुलगी झाली की सासरचा फोन तीन वाक्यांत संपायचा. ठकू झाली तेव्हाचाही तसाच संपला होता, ते मी अजून विसरले नाही. म्हणून तुमच्या त्या ओळी वाचून डोळे भरून आले हो. तुम्हाला दोन मुलगेच, तेव्हा घरात मुलीची हौस राहून गेली असणार, हे मी समजू शकते. मीही मुलगीच मागते. झालं समाधान?

आता माझं दुःख ऐका. न्हाणीघरात पाय घसरला आणि घोट्याच्या वर मोडला. प्लास्टर गुडघ्यापर्यंत. डॉक्टर म्हणतात, जुलैअखेरपर्यंत घराबाहेर पडायचं नाव काढू नका. म्हणजे माझ्या लेकीच्या बाळंतपणाला मी नाही. मला याचं इतकं वाईट वाटलंय की मी दोन दिवस ह्यांच्याशी भांडले, त्यांचा काही संबंध नसताना. पण तुम्ही तिथे आहात म्हणून रात्री झोप लागते. हे काही मी तोंडावर म्हणणार नाही, लिहिलंय तेवढं पुरे.

आणि एक. त्या रक्ताचं तुम्ही दोन ओळींत उरकलंत. मी लोकांचे आवाज ऐकण्यात आयुष्य घालवलंय, विहीणबाई. माणूस ज्या गोष्टीवर भराभरा पुढे सरकतो तीच त्याच्या घशात अडकलेली असते. काही असेल तर सांगा. नसेल तर मला संशयी म्हातारी म्हणा आणि सोडून द्या.

तुमची विहीण


१६ जून

विहीणबाईंना नमस्कार.

मुलगा झाला. काल दुपारी. वजन चांगलं आहे, आवाज मोठा आहे. ठकूची तब्येत उत्तम, काही काळजी करू नका. थोरला सगळ्यांना फोन करत सुटलाय. दुकानात मालकांनी सगळ्यांना चहा दिला.

आज एवढंच लिहिते. फार दमले आहे.

तुमची विहीण


२ जुलै

विहीणबाई,

बाळाची बातमी आली तेव्हा मी प्लास्टरसकट उभी राहिले आणि ह्यांची बोलणी खाल्ली. नातू झाला, सगळं सुखरूप, अजून काय हवं. तुमचं पत्र कोरडं वाटलं, पण म्हटलं बाई दमलीय, धावपळ झालीय.

काल ठकूचं पत्र आलं. चार पानं. त्यातली तीन बाळाच्या जांभयांवर आहेत. चौथं पान मी तुम्हाला जसंच्या तसं सांगते, कारण आडून बोलायचा मला कंटाळा आहे. ती लिहिते, सासूबाईंनी बाळाला अजून एकदाही घेतलेलं नाही. माझं सगळं करतात. अंग शेकतात, कपडे धुतात, रात्री उठून मला पाणी देतात. पण बाळ पुढे केलं की म्हणतात, हाताला काचेची पूड आहे. हात धुऊन आल्या की म्हणतात, कंबर दुखतेय. तो रडत असला तर आमच्या ह्यांना हाक मारतात, स्वतः उचलत नाहीत. ती लिहिते, आई, त्यांना हे बाळ आवडलेलं नाही.

हे वाक्य वाचून मला किती लागलं ते तुम्ही आई आहात, तुम्हाला कळेल. मुलगी हवी होती, कबूल. हौस होती, कबूल. पण जे पोर आलं त्यात त्याचा काय दोष, आणि माझ्या लेकीचा काय दोष? नातू झाला म्हणून तोंड फिरवणारी सासू मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. नात झाली म्हणून फिरवणाऱ्या ढिगाने पाहिल्या, आणि त्यांच्यासारखीच तुम्ही एक, फक्त उलट्या दिशेची, असं म्हणायची वेळ माझ्यावर आणू नका.

काय झालंय ते स्पष्ट लिहा. मी रागावले आहे, पण पत्र मी फाडणार नाही.

तुमची विहीण


८ जुलै

विहीणबाई,

रागावलात ते बरोबर आहे. पण तुम्हाला वाटतंय ते कारण नाही. देवाशपथ नाही. ते बाळ इतकं गोड आहे की मी त्याच्याकडे चोरून बघते, ठकू डुलकी घेत असते तेव्हा.

एप्रिलमध्ये इस्पितळातून मला बोलावणं आलं होतं. एकटीलाच, माझ्या रक्ताचं सांगायला. अनुवंश विभागात एक तरुण डॉक्टरीण आहेत, आवाज मऊ, टेबलावर कागदाचा ढीग. त्यांनी मला खुर्ची दिली आणि कागदावर चित्र काढत सांगायला लागल्या. म्हणाल्या, विषाणू शरीरात शिरला की तो ओळखून पहिली आरोळी ठोकायचं काम एक जनुक करतं. तुमच्या दोन्ही मुलांत ते बिघडलेलं आहे. आरोळीच उठली नाही, म्हणून शरीर जागं व्हायला उशीर झाला आणि तोवर फुप्फुसं भरली. आणि ते बिघडलेलं जनुक तुमच्याकडून आलंय.

माझ्याकडून. मी म्हटलं, मला तर काहीच झालं नाही. त्या म्हणाल्या, बायकांकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक बिघडली तर दुसरी भागवून नेते. पुरुषांकडे एकच असते. म्हणून हे मुलींना बहुधा त्रास देत नाही, मुलांना देतं.

एवढं ऐकलं आणि मी उठले. त्या मागून थांबा म्हणत होत्या, अजून सांगायचंय म्हणत होत्या. मुलांना मीच सांगते असं दारातून म्हटलं आणि जिना उतरले. सांगितलं कुणालाच नाही. अजून काय ऐकायचं होतं? माझ्याकडून थोरल्याला आलं, थोरल्याकडून त्याच्या पोराला जाणार. मुलगी झाली तर वाचेल, मुलगा झाला तर नाही. हे समजायला डॉक्टर कशाला लागतो. म्हणून ती झबली, विहीणबाई. हौस नव्हती, भीती होती.

आणि मुलगा झाला. नर्सबाई हसत हसत बाळ घेऊन बाहेर आल्या, मुलगा आहे म्हणाल्या, आणि माझ्या डोळ्यांपुढे ती वॉर्डाची खिडकी आली. त्या खिडकीकडच्या खाटेवर आता हा. मी हात मागे घेतले. तेव्हापासून ते पुढे होतच नाहीत. मी त्याच्या अंगात हे घालून ठेवलंय आणि वर आजी म्हणून त्याला मांडीवर घेऊन खेळवू? मला ते जमत नाही. ठकूला वाटतं मला तो आवडत नाही. वाटू दे. खरं सांगण्यापेक्षा ते बरं. बाळ महिन्याचंही नसताना कुठली आई असलं ऐकून घेईल?

तुम्हाला सांगितलं कारण तुम्ही तीस वर्षांत एक अक्षर घरी नेलं नाही. हेही नेऊ नका.

तुमची विहीण


११ जुलै

विहीणबाई,

हे पत्र कुरिअरने पाठवते आहे. फोन केला असता, पण तुमच्या दोन खोल्यांत तो सगळ्यांना ऐकू गेला असता, आणि हे आधी तुम्ही एकटीने वाचायला हवं.

मी फोन केला मात्र. तुम्हाला नाही, इस्पितळात. निवृत्त झाल्यावरचा पहिला. ह्यांनी फोन माझ्या खाटेशी आणून ठेवला आणि असे बघत उभे राहिले जणू मी सर्कशीत निघालेय. तिकडच्या ऑपरेटर पोरीने मला वाट बघायला लावून कानात वाजंत्री सोडली. मी तिला नंतर समजावलं की माणसाला असं टांगून ठेवायचं नसतं, अधूनमधून 'लाइनवर राहा' म्हणायचं असतं. शेवटी तुमच्या डॉक्टरीणबाई आल्या.

मी तुमचं विचारलं, तर त्यांनी साफ नकार दिला. दुसऱ्याच्या तपासणीबद्दल मी एक शब्द बोलणार नाही म्हणाल्या. मला त्या बाईचा आदरच वाटला. मग मी म्हटलं, बरं, कुणाचंच नाव घेऊ नका. समजा एक कुठलीही आजी आहे, तिचा एक मुलगा आहे, त्याच्यात हे बिघडलेलं जनुक आहे, आणि आता त्याला मुलगा झाला. नातवाच्या वाट्याला काय येतं?

त्या म्हणाल्या, "बापाकडून मुलाला ते येतच नाही."

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, आणि मग कारण सांगितलं. ते मी लिहून घेतलं, आता तुम्ही नीट वाचा. उठून जाऊ नका. हे जनुक एक्स नावाच्या गुणसूत्रावर बसलेलं असतं. आईकडे दोन एक्स. बापाकडे एक एक्स आणि एक वाय. आई कुणालाही एक एक्सच देते. बापाने एक्स दिला तर मुलगी होते, वाय दिला तर मुलगा. म्हणजे जो मुलगा झाला त्याला बापाचा एक्स मिळालेलाच नाही. तुमच्या थोरल्याने आपल्या पोराला दिला तो वाय, आणि त्या वायवर हे जनुक नसतं. बाळाचा एक्स आला तो माझ्या ठकूकडून, आणि ठकूशी तुमच्या रक्ताचा काय संबंध? नातू त्यातून साफ सुटला आहे. अर्धा नाही, पाव नाही, पुरता सुटला आहे.

आणि मुलगी झाली असती तर? तर ते तिच्याकडे नक्की गेलं असतं. तिला स्वतःला बहुधा काही झालं नसतं, पण पुढे तिच्या मुलांची काळजी तुमच्यासारखीच तिला लागली असती. म्हणजे एप्रिलपासून तुम्ही देवाकडे नेमकं उलटं मागत होता, आणि मलाही मागायला लावलंत. बरं झालं त्याने दोघींचंही ऐकलं नाही.

आता तुमच्या दोषाचं. तेही मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे एवढं एक जनुक बिघडून असा आजार होणं फार थोड्या घरांत दिसतं. बाकी लोकांत वय, वजन, साखर आणि कितीतरी बारीकसारीक जनुकं मिळून ठरतं कुणाला शिंका आणि कुणाला व्हेंटिलेटर. आणि हे कुणी कुणाला देत नसतं, ते जातं. मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगते. पोरांना डोळ्यांचा रंग तुम्ही निवडून दिलात का? उंची निवडून दिलीत? मग हे एक तेवढं तुम्ही ठरवून दिलंत असं कुठल्या तोंडाने म्हणता? मोठ्या आल्यात देणाऱ्या.

काळजी घ्यायची ती तुमच्या दोन मुलांची. लस चुकवायची नाही, आणि ताप आला की घरी काढे पीत बसायचं नाही, पहिल्याच दिवशी इस्पितळ गाठून हे असं असं आहे म्हणून सांगायचं. त्यासाठी त्यांना खरं कळायला हवं. तेव्हा सांगून टाका.

माझा राग गेला, हे लिहायला नकोच. उत्तर नंतर लिहा. आधी हे पत्र खाली ठेवा आणि आत जाऊन बाळाला उचला.

तुमची विहीण


१९ जुलै

विहीणबाईंना साष्टांग नमस्कार. वयाने मोठी असले तरी साष्टांगच.

तुमचं कुरिअर दुकानात आलं. मी काच घासायच्या चाकाशी उभी होते. वाचलं, पुन्हा वाचलं, मग मालकांना म्हटलं, मी घरी जाते. त्यांनी विचारलं, काय झालं, काही वाईट? मी म्हटलं, नाही हो, चांगलं झालंय. आणि तिथेच मटकन बसले. पाणी आणलं, पंखा लावला, सगळा तमाशा झाला. मला लाज वाटली नाही.

घरी आले तर थोरला जेवायला आलेला, ठकू बाळाला पाजून पाळण्यात ठेवत होती. मी दोघांना समोर बसवलं आणि एप्रिलपासूनचं सगळं सांगितलं. माझ्याकडून आलंय हेही सांगितलं. दोघे एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं आता पोरं रागावणार.

थोरला म्हणाला, "आई, आम्हाला मे महिन्यापासून माहीत आहे."

ऐकलंत? डॉक्टरीणबाईंनी त्यालाही बोलावलं होतं, त्याच्या रक्ताचं सांगायला. तो ठकूला घेऊन गेला. दोघांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, माझ्यासारखे मधेच उठले नाहीत. नातवाला धोका नाही हे त्यांना बाळ झालं त्या घटकेपासून ठाऊक. धाकट्यालाही ठाऊक. आणि तिघांनी मिळून ठरवलं की आईला कळू द्यायचं नाही, तिच्याकडून आलंय हे कळलं तर ती खचेल. म्हणजे मी त्यांच्यापासून लपवत होते आणि ते माझ्यापासून, दोन खोल्यांत, जिथे कुणी कूस बदलली तरी सगळ्यांना कळतं. आधी मला रडू आलं, मग इतका संताप आला की मी थोरल्याला भरल्या ताटावर वाट्टेल ते बोलले. तो मान खाली घालून जेवत राहिला. ठकू हसायला लागली आणि हसता हसता तीही रडली. म्हणाली, आई, मला वाटलं तुम्हाला आवडला नाही. मी तिचे दोन्ही हात धरून माफी मागितली, सून असली तरी.

मग एक वेडेपणा झाला, तो तुम्हालाच सांगते. छातीवरचा धोंडा उतरल्यावर माणूस किती लोभी होतो बघा. मी थोरल्याला विचारलं, म्हणजे माझं त्या एक्सवरचं काहीच बाळाकडे आलं नाही? तो म्हणाला, नाही, त्यातलं काही नाही. आणि मला एकदम उदास वाटलं. तीन महिने जे येऊ नये म्हणून जीव टाकला, ते आलं नाही तर वाईट वाटतंय. थोरल्याच्या ते लक्षात आलं असावं. म्हणाला, अगं, बाकीची बावीस गुणसूत्रं आहेत की. त्यांतलं तुझंही आहे त्याच्यात. एका एक्ससाठी काय रुसून बसतेस?

मी हात धुतले. तीनदा धुतले. ठकूने त्याला उचलून माझ्याकडे केलं आणि मी घेतलं. कसं वर्णन करू? तो जड आहे. इतक्या छोट्या पोराचा एवढा भार असतो हे मी विसरूनच गेले होते. त्याने डोळे उघडून बघितलं, जांभई दिली आणि माझ्या मनगटावर गाल टेकून झोपला. थोरला म्हणाला, आई, तोंड बाजूला कर, टिपं त्याच्या अंगावर पडताहेत.

मग मी त्याला उजेडात नेऊन नीट पाहिलं. इतके दिवस चोरून पाहिलेलं वेगळं. त्याच्या उजव्या कानाची वरची कड आत दुमडलेली आहे, विहीणबाई. माझीही तशीच आहे, माझ्या वडिलांचीही तशीच होती. तुमच्याकडे कुणाचा कान असा आहे का? तुमच्या ह्यांना विचारा, आरशात बघा, नसणारच. तेव्हा कान आमचा. नाक तुमचं असेल तर न्या, मी वाद घालणार नाही, तसंही ते जरा चपटंच आहे.

हे पत्र उजव्या हाताने लिहिते आहे, डाव्यावर तो झोपलाय. ठकूने दोनदा मागितला. प्लास्टर निघालं की तुम्ही या आणि हवं तर माझ्याशी भांडा, पण आल्या आल्या हात पुढे करू नका. मी देणार नाही.

तुमची विहीण